डावा, उजवा, उजवा, डावा

मारुती ८०० आठवते ना? तिचे तिन्ही सिलिंडर मिळून इंजिन होतं ७९६ सीसीचं. तेवढ्यावर आईवडील, दोन मुलं, टपावरच्या बॅगा असा अख्खा संसार खंडाळ्याचा घाट चढून जायचा. आता १९६८ सालची एक अमेरिकन गाडी घ्या, पाँटिॲक जीटीओ. तिच्या एकेका सिलिंडरचं माप सुमारे ८१९ सीसी आहे. एकेका! म्हणजे तुमची अख्खी मारुती जीटीओच्या एका सिलिंडरात मावते. आणि असे सिलिंडर आठ.

या गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. कृती अगदी सोपी: मधल्या आकाराची साधीसुधी गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन बसवायचं. हा प्रकार गाजवला पाँटिॲकने, १९६४ मध्ये, आणि तोही चक्क घरचा नियम वाकवून. मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता की मधल्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून फट काढली. गाडी नियमातलीच ठेवायची, पण ३८९ घनइंचांचं इंजिन गिऱ्हाइकाने मागितलं तर ‘जादा सोय’ म्हणून द्यायचं. जादा सोयीचे पैसे सुमारे २९६ डॉलर. फार तर पाच हजार गाड्या खपतील असा कंपनीतल्या विक्रीवाल्यांचा होरा होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. नावही फेरारीच्या एका गाडीवरून उचललेलं! १९६८ पर्यंत इंजिन ४०० घनइंचांवर, म्हणजे साडेसहा लिटरच्या वर गेलं होतं आणि कागदावरची ताकद होती ३५० अश्वशक्ती.

पण अशा गाडीचं खरं नवल ती बंद पडल्यावर कळतं. हे इंजिन चालवायला कुठेही कॉम्प्युटर नाही, एकही चिप नाही. तरी पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, असे निर्णय सेकंदाला शेकड्यांनी होत असतात. ते घेतं कोण? एखादी स्प्रिंग, एखादं वजन, थोडी उष्णता, थोडी पोकळी. या यंत्राची अक्कल धातूच्या आकारात कोरलेली आहे. ती डोळ्यांना दिसते आणि पान्याने उघडता येते. म्हणून तर चाळीस वर्षं निपचित पडलेली गाडी पुन्हा बोलती करता येते.

समजा, मिशिगनमधल्या एका शेतावर लाकडी कोठार आहे आणि आत जीटीओ उभी आहे. टायर जमिनीला टेकलेत, सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं केलीत, डिकीच्या तळाला गंजाने खिडकी पाडली आहे. चावी मात्र जागेवर. हात शिवशिवतो, नवी बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून बघावा! तेवढं करायचं नाही. तेल केव्हाच खाली उतरलंय, धातूवर धातू कोरडा टेकलाय. एखादा व्हॉल्व्ह जागीच चिकटला असेल तर पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच आत काहीतरी वाकेल. चाळीस वर्षं थांबलेल्या गाडीला आणखी थोडे महिने द्यायला हवेत.

त्याआधी सीट उचकटू. स्प्रिंगांच्या जाळीत कधीकधी एक पिवळा पडलेला, कडा कुरतडलेला कागद सापडतो. तो न मिळाला तर पेट्रोलच्या टाकीच्या पाठीवर हात घालून बघायचा. कारखान्यात गाडी पट्ट्यावरून सरकताना कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग हे कामगारांना कळावं म्हणून सांकेतिक आकड्यांचा एक तक्ता तिच्याबरोबर फिरायचा. काम झालं की ती रद्दी, मग कुणीतरी तो तिथेच खुपसून द्यायचं. आज तीच गाडीची जन्मपत्रिका! तिच्याशी ताडून बघायला धातूवरचे आकडेही असतात. चासी नंबर २४२ ने सुरू झाला तर ती त्या वर्षीची खरी जीटीओ. त्याच नंबरचा काही भाग १९६८ पासून इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकला जाऊ लागला. म्हणजे या छातीत हे काळीज जन्मापासूनचं आहे की मागून बसवलेलं, हेसुद्धा तपासता येतं.

आता काळजाकडे वळू. आठही प्लग काढून टॉर्चच्या उजेडात आत डोकावलं की एक विचित्र दृश्य दिसतं. काही सिलिंडर अजून चकचकीत, तर काही तांबूस, गंजलेले. एकाच इंजिनात असा पंक्तिप्रपंच का? कारण इंजिन शेवटचं बंद झालं त्या क्षणी काही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे राहिले, काहींचे मिटलेले. उघड्या दारांतून चाळीस पावसाळ्यांची दमट हवा आत आली. मिटलेल्या दारांआड जवळजवळ काहीच घडलं नाही. कोणी तरी एका संध्याकाळी चावी फिरवली, आणि कोणता सिलिंडर टिकणार, कोणता सडणार हे त्या क्षणी ठरून गेलं.

गंजलेल्या सिलिंडरात पिस्टनच्या लोखंडी रिंगा भिंतीला धरून बसलेल्या असतात. त्यांना हातोडीने समजावता येत नाही. तिथे लागतं ते गंज सोडवणारं पातळ तेल आणि भरपूर सबुरी. दिव्याच्या वातीत तेल आपोआप वर चढतं ना, त्याच ओढीने हे तेल केसाहून बारीक फटींत शिरत जातं. आठ दिवस, पंधरा दिवस. मग क्रँकशाफ्टच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावायचा आणि हलकेच दाबायचं. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट. एके दिवशी पाना जराशी चाल देतो. एक अंश पुढे, एक अंश मागे. एवढीशी हालचाल, पण ती ज्याच्या हाताला जाणवली त्याला त्या रात्री झोप लागत नसावी.

इंजिन फिरतं म्हणून चालवायचं नाही. आता ते पूर्ण उघडायचं. तळाचं तेलपात्र काढलं की काळ्या गाळात प्लॅस्टिकचे करडे तुकडे सापडतात. इंजिनात प्लॅस्टिक कुठून आलं? त्या काळी अभियंत्यांना हे इंजिन कमी आवाजाचं हवं होतं, म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चाकाचे दाते त्यांनी नायलॉनने मढवले होते. नवेपणी चेन कशी अळीमिळी गुपचिळी! वर्षं गेली तसं उष्णतेने नायलॉन ठिसूळ झालं, दात पडू लागले आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत जाऊन अडकले. म्हणून नव्या जुळणीत तिथे पोलादी चाक आणि दुहेरी चेन बसते.

गंजलेल्या सिलिंडरांचं बोअरिंग करून नवे, किंचित मोठे पिस्टन घालतात. मग एक उलटंच काम. एवढ्या नेटाने गुळगुळीत केलेल्या भिंतीवर मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढायच्या. हे होनिंग. आरशासारख्या भिंतीवर तेल ठरत नाही. या ओरखड्यांत ते धरून राहतं. पाट्याला टाकी लावल्याशिवाय वाटण नीट होत नाही, तसंच हे.

आणि आता माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर मोजणी. क्रँकशाफ्ट आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यात साधारण ०.०५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. आपला केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. बंद बेअरिंगच्या आतली एवढीशी फट मोजायची कशी? उत्तर आहे मेणासारख्या मऊ प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा, प्लास्टिगेज. त्याचा छोटा तुकडा शाफ्टवर ठेवायचा, बेअरिंगची टोपी बसवून बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचे आणि परत काढायचे. दोरा चेपून पट्टी झालेली असते. फट जितकी कमी, पट्टी तितकी रुंद. दोऱ्याच्या कागदी पाकिटावरच पट्ट्या छापलेल्या असतात. शेजारी धरून जुळवायचं आणि आकडा वाचायचा. साडेसहा लिटरच्या राक्षसाची नाडी तपासायला हवा एक दोरा आणि एक कागद!

त्या फटीत घडतं ते तर आणखी अचाट. पूर्ण जोरात असताना स्फोटाचा एका पिस्टनवरचा दाब चार टनांच्या आसपास जातो, म्हणजे अशा दोन-अडीच जीटीओंचं वजन. हा सगळा भार कशावर पेलला जातो? तेलाच्या पापुद्र्यावर! फिरणारा शाफ्ट तेलाला आपल्याबरोबर ओढत निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्या तेलावर स्वतःच तरंगू लागतो. भर पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीचा टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. तिथे जे संकट, तेच इथे वरदान. इंजिन नीट चालू असताना त्या बेअरिंगमध्ये धातू धातूला शिवतच नाही.

आता श्वास. एक लिटर पेट्रोल पुरतं जाळायला हवा किती लागत असेल? पेट्रोलच्या वजनाच्या सुमारे पावणेपंधरा पट. लिटरमध्ये सांगायचं तर नऊ हजारांच्या आसपास. सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. लिटरभर पेट्रोलमागे जवळपास तेवढा टँकर भरून हवा!

हे प्रमाण सांभाळायचं काम कार्बोरेटरचं. जीटीओचा कार्बोरेटर, रोचेस्टर क्वाड्राजेट, हाताच्या दोन ओंजळींत मावेल एवढा. त्याच्या पोटात पेट्रोलचा छोटा हौद आणि पातळी राखायला तरंगणारा गोळा, अगदी आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. हवेची वाट मध्येच आवळलेली असते. अरुंद जागेतून हवा वेगाने धावते, तिथला दाब उतरतो, आणि हौदातलं पेट्रोल बारीक तोटीतून आपणहून वर येऊन हवेत फवारलं जातं. हवा जास्त आली की ओढ जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त. मोजतंय कोण? हवाच!

या कार्बोरेटरला चार वाटा आहेत. पुढच्या दोन साडेतीन सेंटिमीटरच्या, मागच्या दोन जवळपास पावणेसहाच्या. गावात भाजी आणायला निघालात तर पुढच्या दोनच उघड्या, हिशेबी गृहिणीच्या हातासारख्या. पाय पूर्ण दाबला की मागची दालनं उघडतात आणि आवाजच बदलतो. हा कोणीतरी दुसराच प्राणी. थंडीत सकाळी जास्त पेट्रोल लागतं, त्यासाठी चोक. तो सोडतं कोण? दोन वेगळे धातू चिकटवून केलेली एक गुंडाळी. गरम झाल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. गुंडाळी पीळ सोडते आणि झडप उघडते. इंजिन तापलं हे तिला असं समजतं.

चाळीस वर्षांत या सगळ्यात पेट्रोलचा डिंक झालेला असतो, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. कार्बोरेटर सुटा करायचा, रसायनात भिजवायचा, आणि सुईएवढं एकेक भोक उजेडाकडे धरून आरपार दिसेपर्यंत साफ करायचं. एखादं छिद्र बुजलेलं राहिलं तरी इंजिन कुरकुरणार.

उरली ठिणगी. जुन्या फियाटच्या टॅक्सीवाल्याला रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून काचकागदाने ‘पॉइंट घासताना’ पाहिलंय कधी? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण पॉइंट हा शब्द अजून गॅरेजांत ऐकू येतो. जीटीओची यंत्रणा तीच, अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंगच्या डोक्यातून शंभरहून अधिक वर्षांपूर्वी निघालेली. दोन छोटे धातूचे ठिपके मिटतात, कॉइलमध्ये वीज साठते. ते उघडतात, प्रवाह तुटतो, आणि बारा व्होल्टच्या जागी वीस हजारांहून अधिक व्होल्टचा झटका प्लगकडे धावतो. आठ सिलिंडर, मिनिटाला पाच हजार फेरे, म्हणजे सेकंदाला ३३३ ठिणग्या. ते ठिपके सेकंदात ३३३ वेळा टाळी वाजवतात!

एवढ्यावरही भागत नाही. पाहुणे सातला जेवायला बसणार असतील तर भात साडेसहालाच लावावा लागतो. इंजिनाचंही तसंच. ठिणगी पडल्यावर ज्वाला पसरायला काही सहस्रांश सेकंद लागतात, म्हणून पिस्टन टोकाला पोहोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. वेग वाढला की पाहुणे लवकर येणार, पण भात काही त्या प्रमाणात लवकर शिजत नाही. मग ठिणगी आणखी आधी हवी. किती आधी? हे ठरवतात डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजनं. फुगडीत गिरकी वाढली की अंग बाहेर ओढलं जातं, तशी ही वजनं वेगाबरोबर बाहेर झुकतात, स्प्रिंगा त्यांना आत खेचतात, आणि या ओढाताणीत ठिणगीची वेळ अचूक पुढे सरकते. दोन वजनं, दोन स्प्रिंगा, म्हटलं तर चिमूटभर कॉम्प्युटर! त्यांच्या खुंट्यांवरचा गंज पुसून तेलाचा थेंब सोडला की चाळीस वर्षांपूर्वीचा तोच हिशेब पुन्हा सुरू.

आणखी एक दुरुस्ती जुन्या पेट्रोलमुळे करावी लागते. १९६८ च्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आणि त्याचा पातळ लेप व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखा जपायचा. विषारी शिसं पंपावरून गेलं हे उत्तमच झालं; भारतात २००० साली, तर अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यावर १९९६ पासून पूर्ण बंदी आली. आता त्या उशीच्या जागी कठीण धातूच्या बैठका बसवतात. आणि हो, गाडी पळवण्याआधी ती थांबेल याची सोय करायची. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसं ब्रेक ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं आणि नळ्या आतून कुजतात. त्या सगळ्या नव्या घालायच्या.

अखेर दिवस उजाडतो. तरी चावी अजून फिरवायची नाही! या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून त्या भोकात लांब दांडी घालायची आणि ड्रिल मशीन उलटं चालवून पंप फिरवायचा. दाबाचा काटा थरथरतो, वर चढतो. वरच्या रॉकरांतून तेल पाझरू लागतं. काळीज धडधडायच्या आधीच अंगात रक्त खेळायला लागलं!

मग सेल्फ. एक फेरा, दोन, एक खोकला, मागून निळसर धूर, आणि एकदम गर्जना. सगळ्यांना ऐकायची असते ती संथ उभ्या गाडीची घरघर. पण नवा कॅमशाफ्ट घातलेला असेल तर ती लगेच मिळत नाही. वीस मिनिटं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही. कारण कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यतः खालून क्रँकशाफ्ट उडवतो त्या शिंतोड्यांचं, आणि तो जोरात फिरला तरच ते वर पोहोचतात. याच वीस मिनिटांत कॅम आणि त्यावर घासणारे टॅपेट एकमेकांना ओळखून घेतात. या टॅपेटना चपटे म्हणतात, पण ते चपटे नसतातच! तळाला केसाहूनही कमी फुगवटा असतो आणि कॅमला किंचित उतार. त्यामुळे प्रत्येक टॅपेट वरखाली होता होता स्वतःभोवतीही फिरतो आणि एकाच जागी झिजत नाही. न दिसणारा हा फुगवटा कुणाला तरी सुचला असेल, नाही का?

वीस मिनिटं संपतात. पाय हळूच उचलला जातो. आता हे वाचता वाचता दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि ताल धरा: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. या इंजिनाचे चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे; हा त्यांचा फायरिंगचा, म्हणजे ठिणग्या पडण्याचा क्रम. आठ मात्रा, अगदी केरव्याएवढ्या. क्रँकशाफ्टची घडण कंप मारण्यासाठी अशी केलेली असते की ठिणग्यांची अंतरं सारखी राहिली, तरी त्या डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने पडत नाहीत. कधी एकाच बाजूला सलग दोन येतात. म्हणून प्रत्येक सायलेन्सरमधून येणारा आवाज लंगडत येतो. फेरारीच्या व्ही-एट इंजिनात डावा-उजवा सरळ आलटून पालटून चालतो आणि ते किंचाळतं. जीटीओ गुरगुरते. इंजिनाचा तोल साधायला स्वीकारलेलं हे लंगडेपण, आणि लोक त्याच्याच प्रेमात पडले!

गाडी कोठाराच्या दारात उभी आहे. सातशे फेऱ्यांवर हा ताल सेकंदाला जवळपास सहा वेळा पुरा होतो. मोजता येत नाही, पण कानाला कळतो. चाळीस वर्षं थांबलेलं आवर्तन पुन्हा समेवर आलंय. हात काढू नका मांडीवरून. डावा, उजवा, उजवा, डावा.